बरे न होणाऱ्या दुखण्याची शुश्रूषा

(नभोवाणीवरील भाषण)

घरात मूल जन्मास यावयाचे असले म्हणजे आपल्या समाजात त्याची केवढी तयारी चालते! गर्भिणीचे डोहाळे पुरविले जातात, माहेरी निरोप जातात, बाळंतिणीची खोली सज्ज होते, डिंकाचे व अळिवाचे लाडू वळले जातात आणि पुढे सव्वा महिना त्या माउलीने जड काही उचलू नये असा कटाक्ष ठेवला जातो. सुईण, परिचारिका, डॉक्टर अशी जाणती माणसे त्या दाराशी उभी असतात. परंतु मनुष्य ज्या दुसऱ्या दाराने जगाबाहेर जातो त्या दाराशी कोणती व्यवस्था असते? प्राण गेल्यानंतरची व्यवस्था चोख असते. कोणी कोणते सामान आणावयाचे, कोणास कळवावयाचे, दहाव्या व तेराव्या दिवशी काय करावयाचे, हे वाडीतील लहानथोरांस पाठ असते. पण प्राण जाण्यापूर्वीचे जे आठवडे, किंबहुना महिने, रोगी अंथरुणाला खिळून काढतो त्या काळासाठी आपल्याकडे ना रीत आहे, ना जाणते माणूस.

या मधल्या काळातील शुश्रूषेचे एक शास्त्र गेल्या साठ वर्षांत जगात उभे राहिले आहे. त्यास पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि अशा रुग्णांसाठी काढलेल्या संस्थेस हॉस्पिस. मराठीत उपशामक शुश्रूषा हा शब्द त्यासाठी योजता येतो. रोग हटविणे शक्य नसले तरी रोग्याचे क्लेश हटविणे पुष्कळ अंशी शक्य असते, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. आणि रोग्याबरोबर त्याचे कुटुंबही दुखणाईत झालेले असते, हे दुसरे. ही शुश्रूषा मोठ्या शहरांतील मोजक्या संस्थांत आज मिळते. ती कोकणपट्टीवरील एखाद्या गावी, रोग्याच्या उशापर्यंत कशी पोचेल, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

उदाहरणादाखल बोर्ली पंचतन हे गाव घ्यावे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या शेजारी, समुद्रापासून थोडे आत हे बाजाराचे गाव आहे. भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती आणि किनाऱ्यावर मासेमारी. येथून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. म्हसळा, माणगाव असा वळणावळणांचा रस्ता एस.टी.ने काढावयाचा. जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागेस. तेथे जाण्यास दिघीच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून आगरदांड्यास उतरावे आणि मुरूडवरून पुढे जावे, किंवा माणगावाकडून मोठा फेरा घ्यावा. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. या पट्ट्यातील हिंदू काय अथवा मुसलमान काय, पुष्कळ घरांतील कर्ता मुलगा मुंबईस किंवा आखाती मुलुखात नोकरीस असतो. घरी राहतात ती म्हातारी माणसे, सून आणि शाळेत जाणारी नातवंडे.

अशा घरातील वाडीवाल्यास तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग झाला अशी कल्पना करावी. तंबाखूच्या व्यसनामुळे हा रोग आपल्या प्रांतात दुर्दैवाने विरळा नाही. निदान झाले की मुलगा त्यास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेतो. १९४१ साली उघडलेल्या या रुग्णालयाने देशभरच्या लक्षावधी रोग्यांस आधार दिला आहे. शस्त्रक्रिया होते, विजेचा शेक होतो. वर्ष-दीड वर्ष खेपा घालण्यात जाते. मुंबईत जागा नाही अशा रोग्यांस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा मिळतो. मग एके दिवशी रोग पुन्हा डोके वर काढतो, आणि डॉक्टर मुलास बाजूला घेऊन सांगतात की, आता बरे होण्याची आशा उरलेली नाही; त्यांस घरी न्या.

घरी न्या, हा सल्ला पुष्कळदा योग्यच असतो. बहुतेक माणसांस आपल्या घरी, आपल्या माणसांत डोळे मिटावेत असे वाटते. पण घरी नेल्यावर काय? रिपोर्टांची पिशवी खुंटीला टांगली जाते आणि पहिल्या आठवड्यातच रात्री कळा सुरू होतात. गावात मिळणाऱ्या साध्या गोळ्यांनी त्या थांबत नाहीत. जखमेस घाण येऊ लागते, म्हणून रोगी नातवंडांस जवळ येऊ देत नाही. गिळता येत नाही, म्हणून बायको रडत रडत पेजेचा चमचा पुढे करते आणि तो मान फिरवितो. मुलाची रजा संपलेली असते. सून दिवसभर राबून रात्री जागते. आणि म्हाताऱ्याचे कण्हणे असह्य झाले म्हणजे तीच माउली पडवीत जाऊन कानांवर हात ठेवून बसते. या घरात मायेची उणीव नाही, काय करावयाचे ते सांगणारा कोणी नाही. 'आता करण्यासारखे काही उरले नाही' असे शब्द ज्या कुटुंबाने ऐकले, त्याने ते शब्दशः खरे मानलेले असतात.

ते वाक्य खोटे आहे, हे ज्या बाईने जगास दाखवून दिले तिचे नाव सिसिली साँडर्स. ही इंग्रज बाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले तेव्हा रुग्णालयात समाजसेविका म्हणून राहिली. तेथे डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक निर्वासित ज्यू तरुण कर्करोगाने मरणाच्या पंथास लागलेला होता. परक्या देशात, जवळ कोणी नाही अशा स्थितीत मरताना मनुष्यास काय हवे असते, याविषयी त्या दोघांची पुष्कळ बोलणी झाली. १९४८ साली तो वारला, आणि साँडर्सबाई जे घर पुढे कधी तरी बांधतील त्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून पाचशे पौंड ठेवून गेला. वेदनांविषयी डॉक्टरांचेच ऐकले जाते हे ओळखून बाईंनी नव्याने वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १९६७ साली दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. त्या घरास ती खिडकी आहे. २००५ साली बाईंनी तेथेच देह ठेवला.

साँडर्सबाईंनी दोन गोष्टी शिकविल्या. कळ आल्यावर औषध शोधू नये. कळ परत येण्याच्या आत, घड्याळ लावून औषध द्यावे, म्हणजे रोग्याच्या मनातील धास्तीच जाते, ही पहिली. दुसरी अशी की, वेदना केवळ शरीराची नसते. मागे राहणाऱ्यांची काळजी, कर्जाची टोचणी, कोणाशी धरलेला अबोला, आपलेच असे का झाले हा ईश्वरास विचारलेला प्रश्न, या सर्वांची मिळून एकच वेदना होते. तिचा एक पदर सोडविला नाही तर दुसऱ्यावर औषध नीट लागू पडत नाही.

हॉस्पिस हा शब्द मुळात लॅटिन असून त्याचा संबंध पाहुणा आणि यजमान या अर्थांशी आहे. मध्ययुगात युरोपात यात्रेकरूंस निवारा देणाऱ्या घरांस हे नाव होते. म्हणजे आपला त्याला चपखल शब्द धर्मशाळा. गाडगेबाबांनी पंढरपुरास आणि अन्यत्र धर्मशाळा उभारल्या, त्या वाटसरूच्या विसाव्यासाठी. आणि आज त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाचे रोगी व त्यांचे नातलग उतरतात. कल्पना परकी नाही. तिला वैद्यकाची जोड मिळाली, एवढेच नवे.

हिंदुस्थानातील पहिले हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्यास माउंट मेरीच्या परिसरात १९८६ साली उघडले. त्याचे नाव शांती अवेदना सदन. कर्करोगाचे शस्त्रवैद्य डॉ. एल. जे. डिसूझा हे त्याचे संस्थापक. अवेदना म्हणजे वेदना नसणे. उद्देश नावातच सांगितलेला आहे. ज्यांचे रोगनिवारक उपचार संपले आहेत अशा रोग्यांस तेथे जात, धर्म, पैसा न पाहता विनामूल्य ठेवून घेतात. संस्थेच्या शाखा गोव्यास व दिल्लीस निघाल्या. पुढे १९९७ साली पुण्यास वारजे येथे सिप्ला कंपनीच्या न्यासाने असेच एक केंद्र सुरू केले. तेथेही मूल्य घेत नाहीत. आणि रोग्याची सेवा करणाऱ्या नातलगास जखम बांधणे, नळीतून अन्न देणे, कूस बदलणे या गोष्टी शिकविल्या जातात, म्हणजे रोग्याचा त्रास आटोक्यात आला की तो आपल्या घरी परतू शकतो. हॉस्पिस म्हणजे मरावयास जाण्याचे घर, ही समजूत या एका गोष्टीने दूर व्हावी.

आता वेदनेच्या औषधाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी एक शिडी सांगितली. सौम्य वेदनेस साधी औषधे, त्याने न भागल्यास सौम्य अफूजन्य औषधे, आणि तीव्र वेदनेस मॉर्फीन. हे मॉर्फीन अफूपासून निघते. तोंडाने घ्यावयाची त्याची साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते, आणि ती महाग नाही. त्याने मलावरोध होतो, म्हणून रेचक बरोबरच द्यावे लागते. पहिले काही दिवस गुंगी व मळमळ वाटते, ती बहुधा ओसरते. व्यसन लागेल अशी भीती नातलगांस वाटते. पण जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने औषध दिले असता कर्करोगाच्या रोग्यात तसे क्वचितच घडते. ही गोळी घेतली की मरण लवकर येते, हाही गैरसमज आहे. योग्य मात्रेने मरण जवळ येत नाही. झोप मात्र जवळ येते, आणि जो मनुष्य महिनाभर निजला नाही तो एक रात्र निजून सकाळी उठला की घरातील सर्वांचा चेहरा बदलतो.

असे असून हे औषध दुर्मीळ का? मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची लागवड होते. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. आपली अफू परदेशी औषध कारखान्यांस जाते. तथापि १९८५ साली अमली पदार्थांचा जो कडक कायदा झाला, त्याखाली मॉर्फीन बाळगण्यास रुग्णालयास अनेक खात्यांचे निरनिराळे परवाने लागू लागले. एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. थोडी चूक झाल्यास तुरुंगाची भीती. औषधविक्रेत्यांनी व डॉक्टरांनी तो पदार्थ ठेवणेच सोडून दिले, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ती गोळी लिहून देण्यास न शिकताच बाहेर पडल्या. चोरट्या व्यापारास आवरण्यासाठी घातलेले कुंपण रोग्याच्याच खाटेभोवती पडले. पुष्कळ डॉक्टरांच्या व संस्थांच्या खटपटीनंतर २०१४ साली संसदेने कायदा सुधारला. आता मॉर्फीनसह सहा औषधे आवश्यक म्हणून वेगळी काढली असून, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस त्यांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. कागदावरचा अडसर निघाला. भीतीचा आणि अज्ञानाचा निघावयाचा आहे. जगात दर वर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांस उपशामक शुश्रूषेची गरज असते आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांसच ती मिळते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

औषधाबरोबर हातांचे कामही तितकेच महत्त्वाचे. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. टाचा, कंबर, खांदे ही दाबाची ठिकाणे रोज पाहावीत. चादरीस सुरकुती व ओल राहू देऊ नये. एवढे केले म्हणजे पाठीला जखमा होण्याचे बरेचसे टळते. तोंड ओल्या मऊ फडक्याने दिवसातून अनेकदा पुसावे, ओठांस तूप किंवा लोणी लावावे. जखमेस दुर्गंध येत असेल तर मेट्रोनिडॅझोल नावाच्या साध्या गोळीची पूड डॉक्टरच्या सल्ल्याने जखमेवर टाकतात. त्याने वास पुष्कळ कमी होतो आणि नातवंड पुन्हा आजोबांच्या खाटेवर येऊन बसू शकते. धाप लागत असेल तर रोग्यास उशांना टेकवून बसवावे, खिडकी उघडावी आणि चेहऱ्यावर पंख्याची झुळूक द्यावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील वाड्या आडव्या केल्या, तेव्हा गावेच्या गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा किनाऱ्यावर विजेवर चालणाऱ्या गादीपेक्षा कूस बदलणारे दोन हात आणि विणलेला पंखा अधिक भरवशाचे.

अन्नाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे जेवू घालणे हेच प्रेम. रोगी खात नाही म्हणून बायको स्वतःस दोष देते, आणि शेजारीपाजारी सलाईन लावा म्हणून आग्रह धरतात. वस्तुतः शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. बळेच भरविल्याने ठसका लागतो, सलाईनचे पाणी अंगावर व फुप्फुसांत साचते. जेवण थांबल्याने तो मरत नाही. मरण जवळ आल्याने जेवण थांबते. अशा वेळी ओठ ओले ठेवणे, नारळपाण्याचा मागेल तेवढाच घोट देणे, हात हातात घेऊन बसणे हेच जेवू घालणे समजावे. रोगी बोलेनासा झाला तरी त्यास ऐकू येत असावे असे धरून चालावे. त्याच्या उशाशी बसून जमिनीच्या वाटणीची चर्चा करू नये.

यापेक्षा अवघड प्रश्न सत्याचा. कुटुंब डॉक्टरास विनविते की, त्यांस काही सांगू नका, ते खचतील. रोगी बायकोस सांगतो की, तिला काही कळू देऊ नका, ती कोलमडेल. दोघांसही सर्व ठाऊक असते, आणि एकाच खोलीत दोघेही एकेकटी असतात. वाडीचा सात-बारा कोणाच्या नावे व्हावा, धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे कोठे आहेत, रुसून गेलेल्या भावास बोलवावे काय, या गोष्टी मग बोलल्याच जात नाहीत. आणि तो गेल्यावर त्या वर्षानुवर्षे घर पोखरतात. जाणती परिचारिका सत्य रोग्याच्या अंगावर फेकीत नाही. आपल्या दुखण्याविषयी त्यास काय वाटते, एवढे ती विचारते आणि गप्प राहते. बहुधा तोच बोलू लागतो. जेवढे तो विचारील तेवढे खरे सांगावे, आणि त्याला सोडून कोणी जाणार नाही, एवढे वचन द्यावे. मुलांपासूनही सर्व दडवू नये. न सांगितल्यास ती आपल्याच एखाद्या खोडीमुळे आजोबा आजारी पडले असे मनाशी धरून बसतात.

ज्याची विचारपूस कोणीच करीत नाही असे या घरातील माणूस म्हणजे सेवा करणारी सून, मुलगी अथवा पत्नी. पाहुणे येतात ते रोग्यास भेटतात, चहा घेतात आणि तिला पथ्याविषयी चार सूचना करून जातात. ती किती दिवस सलग झोपली नाही, तिची स्वतःची कंबर दुखते काय, तिला कधी राग येतो काय, हे विचारले जात नाही. राग येतो, कधी कधी हे एकदाचे संपावे असेही मनात येते, आणि मग त्या विचाराची तिला शरम वाटते. थकलेल्या मनुष्याच्या मनात असे येणे हे पाप नव्हे, हे तिला कोणी तरी सांगितले पाहिजे. त्याहून उपयोगाचे म्हणजे, शेजारणीने आठवड्यातून दोन दुपारी तिची जागा घ्यावी. मुंबईच्या मुलाने पैसे पाठवावे हे ठीकच. पण महिन्यातून दोन रात्री येऊन त्याने स्वतः जागावे, म्हणजे बहिणीस व बायकोस विसावा मिळेल आणि पुढे त्याच्या स्वतःच्या मनासही.

हे सर्व गावात घडवून आणणे शक्य आहे काय? केरळने ते शक्य करून दाखविले आहे. १९९३ साली कोळिकोड येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनामुक्तीसाठी एक संस्था काढली. लवकरच त्यांच्या ध्यानी आले की, दवाखान्यापर्यंत येऊ न शकणारे रोगीच अधिक आहेत. तेव्हा नव्या शतकाच्या आरंभी मलप्पुरम जिल्ह्यापासून त्यांनी शेजाऱ्यांचीच मंडळे बांधली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोडे शिक्षण घेऊन आपल्या वस्तीतील अंथरुणास खिळलेल्या माणसांची जबाबदारी पत्करली. आठवड्याला एक फेरी, लहान लहान वर्गण्या, घरी जाणारी एक परिचारिका आणि मागे सल्ल्यास डॉक्टर, अशी ती घडी. २००८ साली केरळ सरकारने याविषयी धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींस या कामात प्रमुख स्थान दिले. महाराष्ट्रानेही २०१२ साली आपले धोरण केले. त्याच वर्षी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, आणि पुढे २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या सेवांत उपशामक शुश्रूषेचा समावेश झाला.

म्हणजे बोर्ली पंचतनासारख्या गावास नवी इमारत बांधण्याचे कारण नाही. तेथे रोग्याचे घर हेच हॉस्पिस आहे. त्यास जोड हवी ती चार गोष्टींची. आरोग्य केंद्रातील डॉक्टर व परिचारिका यांनी या शास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यावे, ही पहिली. जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फीनचा साठा राहावा आणि रोग्याच्या नातलगास त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागू नये, ही दुसरी. आशा सेविकेने आपल्या वहीत गर्भिणी व बालके यांच्याबरोबर अंथरुणास खिळलेल्यांचीही नोंद ठेवावी, ही तिसरी. त्यांत केवळ कर्करोगाचे रोगी नव्हेत, तर पक्षाघात झालेले, मूत्रपिंडे निकामी झालेले, दम्याने जर्जर झालेले आणि वार्धक्याने स्मृती गेलेलेही यावेत. चौथी गोष्ट गावानेच करावयाची. महिला मंडळ, भजनी मंडळ, जमात, कोळीवाडा यांतून आठ-दहा माणसे निघाली आणि त्यांनी पाळी लावून घेतली, तर वाडीतील कोणतेही घर अशा रात्री एकटे राहणार नाही. ज्या गावात गणपतीची आरास आणि उरुसाची वर्गणी बिनबोभाट उभी राहते, त्या गावास हे काम अशक्य नाही.

यावर कोणी म्हणेल, ही तर हार मानणे झाले. अखेरच्या श्वासापर्यंत झुंजले पाहिजे. झुंज देण्यासारखी असेल तोवर अवश्य द्यावी, आणि उपशामक शुश्रूषा त्या झुंजीबरोबरच चालू शकते. पण बरे होण्याची आशा नसता वाडी गहाण टाकून अतिदक्षता विभागात आठ दिवस यंत्राला जोडून ठेवणे, यात रोग्याची इच्छा किती आणि लोक काय म्हणतील ही धास्ती किती, हे प्रत्येक कुटुंबाने शांतपणे पाहावे. वादळात पडलेली पोफळ पुन्हा लावून फळास येण्यास पाच-सात वर्षे लागतात. गहाण पडलेली वाडी सोडविण्यास त्याहून अधिक. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयात मनुष्यास सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि निरुपयोगी उपचार नकोत असे आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे असा लेख करता येतो. उपशामक शुश्रूषा मात्र कोणाचा प्राण घेत नाही. ती मरण पुढेही ढकलीत नाही आणि ओढूनही आणीत नाही; येणाऱ्या मरणाच्या वाटेवरचे काटे वेचते.

मृत्यूनंतरही हे काम संपत नाही. आपल्याकडे तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. मुसलमान घरांत चाळिसाव्यापर्यंत येणे-जाणे राहते. पुढे सर्वजण आपापल्या कामास लागतात, आणि ज्या बाईने दोन वर्षे एकाच खाटेभोवती काढली तिला सकाळी उठून काय करावे ते उमगत नाही. खरे दुःख तेव्हा सुरू होते. म्हणून हॉस्पिसची परिचारिका महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा त्या घरी जाते, औषधाची पेटी न घेता. बसते, ऐकते, आणि तुम्ही करण्यासारखे सर्व केलेत असे सांगते. हे खरे सांगता यावे यासाठीच आधीची सर्व खटपट असते. शेवटची रात्र शांतपणे गेली, कळा नव्हत्या, सर्वांची भेट झाली, असे ज्या घरास म्हणता येते ते घर दुःखातून उभे राहते. आणि ज्या घराच्या कानांत ते कण्हणे राहिलेले असते त्यास उभे राहण्यास फार काळ लागतो.

सुईण गावोगाव होती, कारण जन्म घरोघर होत असे. मरणही घरोघर होते. तेव्हा त्या दाराशीही एक जाणते माणूस उभे करणे, ही दया नव्हे, साधी ग्रामव्यवस्था आहे. आपल्या नात्यात किंवा शेजारात अशा दुखण्याचे घर असेल, तर ऐकणाऱ्यांनी फळांची टोपली नेण्याबरोबर दोन प्रश्न तेथे अवश्य विचारावेत: रात्री त्यांस झोप लागते काय, आणि तुम्हांस लागते काय?